विक्रीचं पान आणि मुंढ्यातला झोळ

पारनेरच्या बाई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी डाव्या खांद्याला एक लांबट कापडी पिशवी अडकवली होती. उजवा हात अंगाला चिकटवून धरला होता. मी पाणी दिलं तर पेलाही डाव्याच हाताने घेतला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "हा हात आता खांद्याच्या वर जात न्हाई. डॉक्टर म्हणले, कात्री ठेवून द्या. ती दिलीय ठेवून. पण ह्याचं काय करू?"

आणि त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. खाकी कागदाच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या. प्रत्येकीवर पेन्सिलने लिहिलेलं: छाती अठ्ठावीस, छाती तीस, बत्तीस. कटोरी, प्रिन्सेस, साधा टक्सचा. तीस वर्षं ब्लाऊज शिवून, बिघडवून, उसवून, पुन्हा शिवून बसवलेली मापं होती ती. कागदांच्या कडा हाताळून मऊ पडल्या होत्या.

तेव्हा मी भिंगारमध्ये घरूनच वेबसाईट बनवायचे. नवरा लष्करी खात्यात नागरी नोकर, त्यामुळे राहायला क्वार्टर. पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आणि दोन खुर्च्या. त्याआधी आठ वर्षं नगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. काम मला येत होतं आणि येतं हे मला माहीत होतं. मंगल कार्यालयं, दवाखाने, दोन शाळा, एक पतसंस्था, सगळ्यांची पानं मी केली होती. पण एक गोष्ट मी कोणाला सांगत नव्हते. त्यांतल्या एकाही पानावरून काही विकायचं नव्हतं. मालकाला "आमचीपण वेबसाईट आहे" एवढं म्हणता आलं की काम संपलं.

बाईंना मात्र खरोखर विकायचं होतं. पारनेरला त्यांचा शिवणक्लास होता. तिथल्या बायका त्यांच्याकडून कागदी कटिंग, म्हणजे कापडावर ठेवून कापायचा मापाचा कागद, घेऊन जायच्या. एक कागद तयार करायला अर्धा दिवस जायचा, आणि आता तर हातच चालेना. "मोबाईलवर जाईल असं करा," त्या म्हणाल्या. "ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, झेरॉक्सवाल्याकडून छापावं, चिकटवावं आन कापावं. मला परत परत आखायला लागू नये."

मी म्हटलं, "होईल बाई." माझ्या आवाजात शंकेला जागाच नव्हती.

कागद स्कॅन करून, रेघ न् रेघ कॉम्प्युटरवर पुन्हा आखायला मला महिना लागला. बाई दर मंगळवारी यायच्या, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायच्या आणि पडद्यावर बोट ठेवून सांगायच्या, "इथं आर्धा सूत आत." एका मापाची सहा-सात पानं व्हायची, ती ओळीने चिकटवली की पूर्ण कटिंग तयार. हा भाग आम्ही दोघींनी फार चांगला केला. आजही त्यातली एक रेघ बदलावी लागलेली नाही.

मग मी विक्रीचं पान केलं.

ते पान मला इतकं आवडलं होतं की मी ते नवऱ्याला दोनदा दाखवलं. जांभळ्या रंगाची छटा, वर आपोआप सरकणारी पाच चित्रं, चित्रांत रेशमी साड्या नेसलेल्या उंच बायका. त्यांवर मोठ्या अक्षरांत "परिपूर्ण परिधानाचा आधुनिक डिजिटल आविष्कार". खाली बाईंचा परिचय, त्याखाली आमचं ध्येय, त्याखाली आमची वैशिष्ट्यं. आणि सगळ्यात शेवटी, अंगठा दुखेपर्यंत सरकवल्यावर, विकत घ्यायचं बटण. बाईंनी ते सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "लई भारी दिसतंय." मला वाटलं, कौतुक आहे.

बाईंनी क्लासच्या जुन्या मुलींना लिंक पाठवली. त्यांनी पुढे पाठवली. लोक येत होते. मला आकडे दिसत होते. येत होते आणि जात होते. तीन आठवड्यांत एकही कटिंग विकलं गेलं नाही. मी रंग बदलून पाहिला. बटण मोठं केलं. ते थोडं हलेल असंही केलं. तरी काही नाही.

बाईंना फोन करताना मला अवघड वाटत होतं. काय सांगणार? मी म्हटलं, "बाई, लोक बघतात, पण घेत नाहीत. मी आणखी काहीतरी करून बघते."

त्या म्हणाल्या, "तुमी एक दिवस क्लासात येऊन बसा."

"कशाला?"

"या तर खरं."

मी सकाळच्या एसटीने गेले. क्लास म्हणजे बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक लांब खोली, सहा मशीन, जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर वर्तमानपत्राचे कागद पसरून आखत बसलेल्या आठ-नऊ बायका. बाईंनी माझी ओळख करून दिली नाही. फक्त म्हणाल्या, "ह्या माझ्या पाव्हण्या." मग एका बाईला जवळ बोलावलं. ती सुप्याकडून रोज यायची, घरची शेती, दुपारपर्यंत परत जायची घाई. तिच्या हातात तिचाच मोबाईल देऊन बाई म्हणाल्या, "हे उघड आन काय हाय ते सांग." आणि मला डोळ्यांनी खुणावलं, बोलू नका.

पान उघडायलाच इतका वेळ लागला की ती दोनदा माझ्याकडे बघून हसली. सरकणारी पाच चित्रं वजनदार होती. माझ्या घरच्या इंटरनेटवर ती झटकन यायची, तिथे येईनात. शेवटी एक साडीवाली बाई दिसली.

"साड्यांचं दुकान हाय का?" तिने विचारलं.

बाईंनी तिला पुढे बघायची खूण केली. तिने अंगठ्याने पान वर सरकवलं. "परिपूर्ण परि... परिधा..." तिने वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आणखी सरकवलं. बाईंचा फोटो दिसला तेव्हा तिचा चेहरा उजळला. "अय्या, बाई, तुमी!" मग पुन्हा सरकवलं आणि मोबाईल खाली ठेवला. बटणापर्यंत ती पोचलीच नाही.

"काय इकायला ठेवलंय?" बाईंनी विचारलं.

"साड्या?" ती म्हणाली. "का क्लास?"

माझे कान गरम झाले. आठ वर्षं मी दुसऱ्यांना शिकवलं होतं, आणि माझ्यासमोर बसलेल्या बाईला माझं पान काय विकतंय हेच कळत नव्हतं. तिची काहीच चूक नव्हती. ती शिवणकामात माझ्या दसपट हुशार होती.

मग बाईंनी सगळ्यांना सांगितलं की ह्या मोबाईलवर आपलं कटिंग मिळतं. एकदम गलका झाला. "कुठल्या कुठल्या मापाचं?" "आमच्या घरी छापायचं मशीन न्हाई, मग?" "पैसे भरल्यावर कागद येतो कुठं, पोस्टानं का मोबाईलवर?" "छाती छत्तीस आन कंबर चाळीस आसली तर?" "एकदा घेतलं की किती बायांचं शिवता येतं?" आणि एक वयस्कर बाई, जी तोवर खाली मान घालून काज करत होती, ती म्हणाली, "ते सगळं ऱ्हाऊ द्या. मुंढ्यात झोळ येतो का, तेवढं सांगा."

मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात ती गोलाई. तिथे कापड जास्त झालं की पिशवीसारखं लोंबतं, आणि मग गिऱ्हाईक ब्लाऊज परत आणून टाकतं. नव्याने शिवणारीची पहिली भीती हीच. बाईंच्या तीस वर्षांची सगळी कमाई त्या एका गोलाईत होती, आणि माझ्या पानावर मुंढा हा शब्दच नव्हता.

मी सतरंजीवरचा एक वर्तमानपत्राचा कागद ओढला आणि त्याच्या कोऱ्या कडेवर त्यांचे प्रश्न लिहायला लागले, त्यांच्याच शब्दांत.

घरी येऊन जुनं पान मी पूर्ण काढून टाकलं. जांभळा रंग गेला, पाच साडीवाल्या गेल्या. आविष्कार गेला. वर एकच ओळ ठेवली: "मुंढ्यात झोळ न येणारा ब्लाऊज. तुमच्या मापाचं तयार पेपर कटिंग, मोबाईलवर." तिच्याखाली दोन फोटो. क्लासमधल्या एकीनेच दोन ब्लाऊज घालून दाखवले होते, एक झोळ असलेला, एक बाईंच्या कटिंगचा. तीच बाई, तीच खिडकी, तोच उजेड. ती म्हणाली होती, "माझं तोंड घेऊ नका, खांद्यापसून खाली घ्या," म्हणून तसेच काढले. फोटो इतके हलके केले की पारनेरच्या पुढच्या माळावरही पान चटकन उघडावं. लगेच खाली मापं, किंमत आणि एक बटण. त्याखाली बायकांचे प्रश्न जसेच्या तसे, आणि बाईंनी दिलेली उत्तरं. "छापायचं मशीन नसलं तर? गावातल्या झेरॉक्सवाल्याला ही फाईल पाठवा." एवढंच.

छाती चौतीसचं एक साधं कटिंग आम्ही फुकट ठेवलं. "आधी शिवून बघू द्या," असं बाईंचं म्हणणं.

एक गोष्ट मात्र मी बाईंना न विचारता केली. इतरांची पानं बघून मी वर एक उलटं घड्याळ लावलं होतं: ही किंमत आज संध्याकाळपर्यंतच. मंगळवारी बाई आल्या, घड्याळ पळताना पाहिलं.

"आन उद्या?"

"उद्या ते पुन्हा सुरू होतं," मी म्हटलं. "सगळेच लावतात, बाई. लोक घाई करतात."

"माझ्या क्लासातली उद्या बघंल, परवा बघंल, रोज तेच. ती मला तोंडावर इचारंल, बाई, तुमी खोटं का लिव्हलं?" त्यांनी पडद्यावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. "काढा."

मी काढलं. मनातून मला वाटत होतं की बाईंना धंदा कळत नाही. वरून त्यांनी आणखी एक ओळ घालायला लावली: "ज्यांना मशीन चालवता येत नाही त्यांनी हे घेऊ नये, आधी शिवण शिका." गिऱ्हाईकाला दारातून परत पाठवणारं वाक्य! मी वाद घातला, हरले आणि लिहिलं.

पहिलं कटिंग दुसऱ्याच दिवशी विकलं गेलं. क्लासच्या ओळखीतलं नव्हतं, नावही अनोळखी. त्या आठवड्यात आणखी काही गेली. प्रत्येक वेळी मोबाईल वाजला की मी बाईंना फोन करायचे आणि बाई मोठ्याने क्लासला सांगायच्या. मागे टाळ्या ऐकू यायच्या.

आणि मग श्रीगोंद्याचा फोन आला.

फोन बाईंना आला होता. त्यांनी तो मला जोडून दिला. ऊस असलेल्या घरातली बाई, गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. तिने आमचं छत्तिसाचं कटिंग घेतलं, झेरॉक्सवाल्याकडून छापलं, चिकटवलं आणि शेजारच्या मुलीच्या साखरपुड्याचा ब्लाऊज त्यावर कापला. साडीबरोबर आलेला तेवढाच तुकडा. शिवून अंगात घातला तर बसेचना. दोन इंच कमी.

"तुमच्या बाईंचं नाव बघून इश्वासानं कापलं हो मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. "परवा साखरपुडा हाय. त्या पोरीला मी काय तोंड दावू?"

मी फाईल उघडून पाहिली. माप बरोबर होतं. मग लक्षात आलं. छापताना कडेला जागा सोडण्यासाठी यंत्र चित्र आपोआप थोडं लहान करतं. सांगितलं तरच जसंच्या तसं छापतं. हे मला चांगलं माहीत होतं. आठ वर्षं मी हेच शिकवलं होतं! पण पानावर कुठेही लिहिलं नव्हतं, कारण माझ्यासाठी ते इतकं साधं होतं की सांगावं असं वाटलंच नाही.

मी म्हटलं, पैसे परत करू, माफी मागू. बाई म्हणाल्या, "पैशानं ब्लाऊज होत आसतो का? उद्या सकाळी नगरच्या स्टँडवर या."

आम्ही दोघी एसटीने श्रीगोंद्याला गेलो, तिथून रिक्षाने तिच्या वस्तीवर. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. ती ओट्यावरच उभी होती. तिच्यापेक्षा जास्त मीच घाबरले होते. बाईंनी चहा नको म्हणून सांगितलं, ब्लाऊज हातात घेतला, उलटा केला, बगलेत दोन बोटं घालून पाहिलं.

"साडी कुठाय?"

साडी आणली. मोरपंखी, जरीचे काठ. बाईंनी तिचं आतलं टोक शोधलं, जे नेसताना कमरेला खोचलं जातं आणि कोणाला दिसत नाही. "ह्यातनं आठ बोटं काढा. दोन्ही बगलंखालनं उभी पट्टी घालायची, बाहीतसुदीक न्यायची. जुनी फॅशनच हाय ती, आता परत आलीय."

"तुमीच कापा बाई," ती म्हणाली. "माझा हात थरथरतोय."

"माझा उचलतच न्हाई," बाई म्हणाल्या. "कात्री तुमीच धरा. मी हाय हितं."

ती कापत गेली, बाई शेजारी बसून सांगत गेल्या. "शिलाई धरून कापा. आत्ता वळवा. थांबा, आधी टाचणी." मी टाचण्या पुढे करत होते, दुसरं काही मला येत नव्हतं. दुपारपर्यंत पट्ट्या बसल्या. शेजारची मुलगी आली, आत जाऊन घालून आली आणि आरशासमोर वळून वळून बघायला लागली. पट्टी मुद्दाम लावल्यासारखी दिसत होती. मुंढा तर असा बसला होता की बाईंनी स्वतः पुढे होऊन डाव्या हाताने खांद्यावरून बोट फिरवलं.

"हे आधी का न्हाई शिवलं असं?" मुलगी म्हणाली आणि आम्ही तिघी हसायला लागलो. शिवणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग चहा झाला. चहा पिताना तीच म्हणाली, "ताई, एक सांगू का? कागदावरच एक इंचाचा चौकोन आखून दिला आसता, तर मी टेप लावून बघितलं आसतं. चौकोन बारीक निघाला की कापायचंच न्हाई."

शिक्षण माझं, कॉम्प्युटर माझा, आणि उपाय तिने कपात बिस्कीट बुडवता बुडवता सांगितला.

परतीच्या एसटीत बाई म्हणाल्या, "हे सगळं आपल्या पानावर लिव्हा."

"चौकोनाचं? हो, छापायच्या पहिल्या पानावर घालते."

"चौकोनाचं न्हाई. आज जे झालं ते."

"बाई, विकायच्या पानावर आपली चूक कोणी लिहितं का?"

"मग कुठं लिव्हायची?"

खिडकीबाहेर बघत मी मांडवगणच्या पुढे कुठेतरी मनात वाक्यं जुळवायला लागले. घरी पोचेपर्यंत मजकूर तयार होता. "आमच्याकडून एक ब्लाऊज बिघडला. कसा, आणि आता तुमचा का बिघडणार नाही." खाली श्रीगोंद्याची हकिकत, त्या बाईचं नाव न घालता, ब्लाऊजच्या फोटोसकट. फोटोची परवानगी तिने हौसेने दिली होती. आणि शेवटी: छापलेल्या पहिल्या पानावर एक इंचाचा चौकोन आहे. टेपने मोजा. बरोबर भरला तरच कापा.

मला वाटलं होतं की विक्री पडेल. झालं उलटंच. आकडे बघताना मला दिसायला लागलं की लोक त्या हकिकतीपाशी येऊन थांबतात. वरचं भराभर सरकवणारा अंगठा तिथे येऊन सावकाश होतो. ती वाचून झाल्यावर वर जातात आणि बटण दाबतात. फोन यायचे, "तो श्रीगोंद्याचा ब्लाऊज केला त्याच ना तुम्ही?" पट्टीवाल्या ब्लाऊजचं कटिंग मिळेल का, असं इतक्या जणींनी विचारलं की बाईंनी तेही आखलं. म्हणजे त्यांनी सांगितलं आणि सुप्याच्या बाईने आखलं. आता क्लासमधलं सगळं आखणं तीच करते.

ह्याला दोन वर्षं झाली. बाईंचा हात आहे तसाच आहे, पण त्या आता कात्रीबद्दल बोलत नाहीत. संध्याकाळी क्लास सुटला की खुर्चीत बसून दिवसभरात आलेल्या प्रश्नांची उत्तरं मोबाईलवर बोलून पाठवतात. लिहिण्यापेक्षा बोलणं त्यांना बरं वाटतं आणि ऐकणारीलाही. कटिंग कुठे कुठे गेलं ते त्यांना गावांची नावं वाचून दाखवलं की त्या प्रत्येक गावाला, जणू ओळखीचं असल्यासारखं, "बरं, बरं" म्हणतात.

माझं कामही बदललं. मंगल कार्यालयांची पानं मी अजून करते, पण आता विकायची पानं जास्त येतात, आणि ती मला जमतात हे मी कोणासमोरही सांगते. आजच एक जण आले होते. डाळिंबाची छाटणी कशी करायची ह्याचे त्यांनी व्हिडिओ केले आहेत, चांगले आहेत, आणि ते विकायचे आहेत. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, आधी दोन-तीन डिझाईनं दाखवा. रंग हिरवा पाहिजे."

मी म्हटलं, "दाखवते. पण त्याआधी मला असा एक शेतकरी दाखवा, ज्याची छाटणी चुकली आणि बाग बसली."

ते जरा गोंधळले. "चुकली त्याचा काय उपयोग? माझ्याकडे बहर आलेल्या बागांचे फोटो आहेत की."

"ते लागतीलच," मी म्हटलं. "पण तुमचे व्हिडिओ घेणार कोण? ज्याची बाग बहरलीय तो, की ज्याची बसली तो?"

त्यांनी खिशातून मोबाईल काढून कोणाला तरी फोन लावला आणि विचारलं, "काय रे, उद्या शेतात आहेस का? एक मॅडम यायच्या म्हणतात." पलीकडच्याने बहुधा कशाला म्हणून विचारलं असावं, कारण ते माझ्याकडे बघत म्हणाले, "तुझं काय चुकलं ते ऐकायला."

उद्या सकाळी सातची एसटी आहे.